मधल्या सांध्याचा दोर

४ ऑक्टोबर

आदरणीय सर,

तुम्ही मला ओळखत नाही. डावऱ्याची मोठी बहीण, एवढं सांगितलं की पुरे. हे नाव त्याला तुम्हीच दिलंत, असं तो कौतुकाने सांगायचा. घरी तो नुसता धाकटा.

ऑगस्टमध्ये त्याच्या शिबिरात ओढ्यावर दोराने बांधलेला पूल कोसळून तो गेला, तेव्हा तुम्ही आईला पत्र पाठवलं होतंत. आईने ते वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उत्तर काही दिलं नाही. ती हल्ली कुणालाच उत्तर देत नाही, तेव्हा राग मानू नका. तुमचा पत्ता मी त्या पाकिटावरून घेतला. तुमच्याकडे फोनला रेंज येत नाही हे ठाऊक होतं.

माझं एक काम आहे. मला दोराने काठ्या बांधायला शिकायचं आहे. रानात जाऊन तुम्ही लोक मचाण, तिवई, पूल उभे करता, एक खिळा न मारता, ते. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर हात गुंतलेले असतात, पण घरी आलं की रिकामे होतात आणि नको ते विचार येतात. घरात दोर आहे, चांगला जाड आहे. पत्रातून शिकवता येईल का?

आपली,
डावऱ्याची ताई


११ ऑक्टोबर

ताई,

तो तुला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. वयाने बाप असलो तरी चालवून घे. आणि मी अहो-जाहो करणार नाही, मला ते जमत नाही. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, सुट्टीत मुलांना रानात नेऊन बांधणी शिकवली, सगळ्या जगाला अरे-तुरे केलं. मुलं मला पाठीमागे सुंभसर म्हणायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून. तुझ्या भावाने तेवढं तोंडावर म्हटलं आणि छडी खाल्ली.

शिकवतो. पण तो घरातला जाड दोर नको. कुणाला तरी देऊन टाक. हे ऐकच. जाड दोराने नवख्या माणसाची बोटं सोलतात. किराणा दुकानात पुड्यांना बांधतात ती सुतळी घे आणि झाडूच्या दोन जुन्या दांड्या.

एक दांडी उभी, एक तिच्यावर आडवी, काटकोनात. सुतळीचं टोक उभ्या दांडीला, सांध्याच्या खाली, खुंटगाठीने अडकव. (गुरं खुंट्याला बांधतात ती गाठ. दोन फास एकावर एक सरकवायचे. खाली चित्र काढलंय, हात थोडा कापतो, समजून घे.) मग सुतळी आडव्या दांडीवरून, उभीच्या मागून, पुन्हा आडवीवरून खाली, पुन्हा उभीच्या मागून. असा चौकोन फिरायचा. वेढ्याशेजारी वेढा, एकावर एक चढू द्यायचा नाही. तीन-चार फेरे झाले की आवळायचं आणि आडव्या दांडीला खुंटगाठ मारून संपवायचं.

कसं जमलं ते कळव. आणि जेवतेस ना वेळेवर?

सर


१९ ऑक्टोबर

आदरणीय सर,

नाही जमलं. दिसायला जमलं होतं. चार दांड्यांची चौकट बांधून न्हाणीघरात टॉवेल वाळत घालायला टांगली. सकाळी नवरा दाढी करत होता, त्याच्या पाठीत कोसळली. तो म्हणाला, "शिकायचं तर शीक, पण आधी माझा विमा उतरव."

मी प्रत्येक वेढा जिवाच्या आकांताने ओढला होता. तळहाताला सुतळीचे लाल पट्टे पडले आहेत. तरी दांड्या एकमेकींवर हलतात. काय चुकलं?

दुसरं विचारायचं होतं ते असं. कोणती गाठ वजन आल्यावर सुटते आणि कोणती वजनाने आणखी आवळते? सुरगाठीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. माणसाएवढं वजन अचानक पडलं तर दोर किती धरतो? हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

जाड दोर कुणाला देऊ शकत नाही. तो मला हवा आहे.

डावऱ्याची ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

तुझी चूक कळली आणि ती माझीच चूक आहे. मी लिहिलं, "मग आवळायचं." तू समजलीस, जोरात ओढायचं. आमच्यात आवळणी ही वेगळी गोष्ट आहे. चौकोनाचे वेढे झाले की सुतळी दोन दांड्यांच्या मधल्या फटीतून घालायची आणि त्या वेढ्यांच्याच कमरेभोवती दोन-तीन वेढे द्यायचे. म्हणजे दोर दांडीला नाही, दोराला आवळतो. पहिले वेढे दांड्या धरतात आणि आवळणी त्या वेढ्यांना धरते. आवळणी नसली तर कितीही ओढ, सांधा हलणारच. नवऱ्याच्या पाठीची माफी माग.

वजनाचं सध्या राहू दे. सुरगाठही राहू दे. ती मी शिकवत नाही.

घरी दिवसा कोण असतं? तू एकटी असतेस का? नवऱ्याला हे सगळं दाखवतेस ना? आई तुझ्याकडे आहे की भावाच्या घरी? दर आठवड्याला एक कार्ड टाकत जा, दोन ओळी पुरेत. नाही आलं तर मी एसटी धरून येईन हो, गुडघे दुखत असले तरी.

सर


६ नोव्हेंबर

आदरणीय सर,

आवळणी समजली. समजल्यावर इतकी सोपी वाटली की स्वतःचा राग आला. टॉवेलची चौकट आता हलत नाही. चपलांची मांडणी बांधली, तीही घट्ट आहे. नवऱ्याने तिच्यावर पाय देऊन पाहिला आणि कपाळाला हात लावला, म्हणाला, "आता मलाही कुठेतरी बांधून ठेवशील."

पण सर, मी सरळ बोलते, कारण फिरवून बोलायची मला सवय नाही. मी तीन गोष्टी विचारल्या आणि तुम्ही तिन्ही टाळल्यात. वजनाचं राहू दे, सुरगाठ शिकवत नाही. उलट घरी कोण असतं, जेवतेस का. लॅबमध्ये कुणी असं बोलायला लागलं की आम्ही समजतो, रिपोर्ट वाईट आहे आणि सांगायचं धाडस होत नाही. त्याच्या बांधणीबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का? असेल तर लपवू नका. मी लहान नाही.

डावऱ्याची ताई


११ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र पायरीवर बसून दोनदा वाचलं.

पोरी, मी लपवलं ते वेगळंच. आता उघड लिहितो, वाईट वाटून घेऊ नकोस. तीन महिन्यांपूर्वी भाऊ गेलेली बाई एका अनोळखी म्हाताऱ्याला लिहिते की नको ते विचार येतात, घरात जाड दोर आहे. मग विचारते, माणसाचं वजन किती धरतो. मग सुरगाठ विचारते. वर म्हणते, दोर कुणाला देणार नाही. तूच सांग, मी काय समजायचं?

म्हणून सुतळी सांगितली. म्हणून सुरगाठ टाळली. प्रत्येक पत्राला तुझं उत्तर येईपर्यंत मी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा राहतो. तो म्हणतो, सर, या वयात कुणाची पत्रं?

चुकलो असेन तर हस माझ्यावर. चुकलो नसेन तर आज, आत्ता, नवऱ्याला बोलाव आणि त्याला हे पत्र दाखव.

सर


१६ नोव्हेंबर

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मग मी तुम्ही सांगितलंत तसं नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, "बघ, सरांना काय वाटलं!" तो हसला नाही. त्याने पत्राची घडी घातली आणि म्हणाला, "मग मी रोज तासभर आधी घरी का येतो असं तुला वाटलं? ऑफिसात काम नाही म्हणून?"

सर, मला कळलंच नव्हतं. मी त्याला म्हणत होते, बरं झालं, लवकर सुटायला लागलास.

तसं काही नाही. माझ्या मनात तसं कधी आलं नाही. शपथेवर सांगते. तुम्ही दोघांनीही ती काळजी सोडा.

आता खरं सांगते. ते पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण हात धजला नाही.

तो दोर त्या पुलाचा आहे. पूल पडला त्यात धाकटा दगडावर आपटून गेला, आणि शिबिराला आलेली एक शिवणकाम करणारी बाई पडून तिचा पाय मोडला. पाणी उतरल्यावर शिबिराचे दोन-तीन जण पाहणी करायला गेले आणि येऊन म्हणाले, "मधल्या सांध्याचा दोर सैल होता." तो सांधा धाकट्यानेच बांधला होता. त्यांनी त्याच्या वस्तू पोत्यात भरून आणून दिल्या. बूट, पाण्याची बाटली आणि त्या मधल्या सांध्याचा लाकडाचा तुकडा, दोरासकट. कुणी ठेवला, का ठेवला, माहीत नाही. ते पोतं आमच्या बाल्कनीत आहे.

तेव्हापासून सगळीकडे एकच. त्याच्याच गाठीने त्याला खाल्लं. लोकांना शिकवायला निघाला आणि स्वतःला बांधता येत नव्हतं. माझ्या तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं. आई काहीच म्हणत नाही, ते जास्त वाईट. आणि त्या बाईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा जाऊन परत आले. कोणत्या तोंडाने जाऊ? माझ्या भावाच्या हलगर्जीपणाने तुमचा पाय मोडला, हे म्हणायला?

मला त्या सांध्यातला दोर वाचायचा आहे, सर. वाचायला येण्यासाठी आधी बांधायला यायला हवं, म्हणून तुम्हाला लिहिलं. जे असेल ते असो. सैल असेल तर सैल. पण मला ते दुसऱ्याच्या तोंडून नको.

डावऱ्याची ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

दोर सोडू नकोस. कापू नकोस. पोत्यातून काढताना हलवू नकोस.

त्या दोराचं मला काय वाटतं ते आज सांगणार नाही, कारण मी त्याचा शिक्षक आहे. माझं मत त्याच्याच बाजूचं असणार. तू बघ आणि मला लिही.

पहिलं, ते लोक पाहणीला गेले तेव्हा ऊन पडलं होतं का? दोर कोरडा होता की ओला? तो तागाचा दोर असेल, माझ्या हातची पोरं दुसरा वापरत नाहीत. तू त्याच जातीची सुतळी घेऊन दोन सांधे बांध. एक बादलीत रात्रभर बुडव, मग उन्हात कडक वाळव. दुसरा तसाच ठेव. दोन्हीत बोट घालून पाहा.

दुसरं, वेढे मोज. आवळणी आहे का ते बघ.

तिसरं, आणि हेच मुख्य. दोराच्या कडेला लाकडावर वळ असेल. अंगावर छडीचा उठतो तसा. सांधा सैल असता तर वजन आल्यावर दोर लाकडावर सरकला असता, आणि सरकलेल्या दोराचा वळ पसरट, खरवडलेला असतो. साल सोलली जाते. घट्ट दोराचा वळ एकच आणि खोल. भिंग आहे ना तुझ्याकडे?

चौथं, लाकूड कसं तुटलंय? कुजलेलं लाकूड पावासारखं तुटतं, भुसा होऊन. निरोगी लाकूड चिरफळ्या होऊन तुटतं.

सावकाश कर.

सर


४ डिसेंबर

आदरणीय सर,

उशीर झाला. पोतं उघडायलाच मला आठवडा लागला. शेवटी नवऱ्याने बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली आणि म्हणाला, "तू बघ, मी बूट धरतो." आणि धाकट्याचे बूट मांडीवर घेऊन तो बसला.

आधी सुतळीचं. भिजवलेला सांधा सकाळी इतका घट्ट झाला होता की वेढ्याखाली नखही जाईना. उन्हात वाळल्यावर त्याच वेढ्यात करंगळी सहज गेली. न भिजवलेला होता तसाच राहिला. मी शेजारणीकडे चौकशी केली, तिचा भाचा त्या पाहणीला गेला होता. चार दिवस कडक ऊन पडल्यावर गेले होते ते. पूल पडला तेव्हा पाऊस होता. म्हणजे त्यांनी हात लावला तो वाळलेल्या दोराला. त्यांचं खोटं नव्हतं, दोर सैलच लागला असणार. पण तो त्या दिवशी सैल होता असं त्यावरून म्हणता येत नाही. लॅबमध्ये उन्हात ठेवलेल्या नमुन्यावरून कुणी निदान केलं तर त्याला आम्ही घरी पाठवू.

वेढे चार. आवळणीचे तीन. तुम्ही शिकवलंत तसेच, फक्त सगळे उलट्या बाजूने फिरलेले. डाव्या हाताचे. ते मी बघितलं आणि मला थोडा वेळ पुढचं काही दिसेना.

मग भिंगातून वळ पाहिला. दोर जरासा बाजूला सरकवला, सोडला नाही. एकच वळ आहे, सर. खोल, कडा स्वच्छ. साल दोराच्या दोन्ही बाजूंना जशीच्या तशी आहे. कुठेही खरवडलेलं नाही. मी चारही बाजूंनी पाहिलं, मग नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला मला काही कळत नाही पण सरळ दिसतंय.

लाकूड सांध्याच्या शेजारी तुटलंय. चिरफळ्या बोटाएवढ्या लांब, आतून पांढरं. भुसा नाही. सांध्यातला तुकडा अजून दोराच्या पकडीत आहे. दोर वाळला तरी तो काढायला गेलं तर निघत नाही.

एक गोष्ट कळली नाही. दोराचं एक लांब टोक सफाईने कापलेलं आहे. तुटलेलं नाही, पात्याने कापलेलं.

मला वाटतं ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. आता तुम्ही सांगा.

डावऱ्याची ताई


९ डिसेंबर

ताई,

दोर धरून होता. लाकूड तुटलं, तेही चांगलं निरोगी लाकूड. निरोगी लाकूड माणसाच्या वजनाने असं तुटत नाही. त्याला काहीतरी आदळलं. त्या सांध्यात मला एकही चूक सापडत नाही, आणि चुका काढणं हा माझा जन्माचा धंदा आहे.

हे मी त्याचा शिक्षक म्हणून लिहीत नाही. तू जे पाहिलंस ते एखाद्या परक्याने लिहून पाठवलं असतं तरी हेच लिहिलं असतं.

पण काय आदळलं ते दोर सांगणार नाही, मीही नाही. त्या दिवशी पुलावर होती अशी एकच व्यक्ती बोलू शकते. आता तुला तोंड आहे. गल्लीच्या तोंडाशी थांबू नकोस, आत जा.

कापलेलं टोक मलाही कळत नाही. तिला विचार.

सर


२८ डिसेंबर

आदरणीय सर,

गेले.

तिचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे तागे, कोपऱ्यात कुबडी. माझी चाहूल लागताच मान वर न करता म्हणाली, "बसा. ब्लाऊज की ड्रेस? ब्लाऊज असेल तर दोन आठवडे लागतील, आधीच सांगते, मागाहून तोंड वाकडं करू नका." तोंडात दोन टाचण्या होत्या तरी बोलणं स्पष्ट.

मी म्हटलं, "शिवायचं काही नाही. मी डावऱ्याची ताई."

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. मशीनला टेकून उभी राहायला गेली, मी म्हटलं बसा, बसा. ती बसली आणि रडायलाच लागली.   तिच्या मांडीवरचं कापड जमिनीवर घसरलं ते मी उचलून ठेवलं.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," ती म्हणाली. "रोज वाट बघत होते आणि रोज वाटायचं, आज नको येऊ दे."

मी म्हटलं, "मी तुमच्या पायाबद्दल..."

"पायाचं जाऊ द्या हो! पाय जुळला. तुम्ही मला विचारायला आलात ना, माझ्या भावाला परत का बोलावलंस म्हणून?"

मला अर्थ लागेना. मग तिने सांगितलं. पाणी वाढायला लागलं तसं धाकट्याने सगळ्यांना पलीकडे उतरवून वरच्या वाटेने पुढे पाठवलं. तोही काठावर पोचला होता. ही मध्येच थबकली. खाली पाणी बघून तिचे पाय धरले गेले. हाक मारली, तो परत आला. "काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, 'मावशी, खाली बघू नका, माझ्या शर्टाचं बटण बघा, तुटकं आहे, घरी गेल्यावर लावून द्या.' मी बटणाकडे बघत तीन पावलं टाकली. आणि वरून ओंडका आला. म्हशीएवढा. तो आदळला आणि लाकूड कडाडलं."

मी विचारलं, "आणि दोर? मधल्या सांध्याचा दोर सुटला का?"

सर, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वेड्यासारखं काही विचारलंय.

"दोर कुठला सुटतोय! तोच तर माझ्या पायात अडकला आणि मी त्याला लोंबकळत राहिले. पाय मोडला तो त्यानेच, पण नाहीतर गेलेच असते मी. शेतातून धावत आलेल्या लोकांना मला काढताना तो सोडता येईना, शेवटी विळ्याने कापला."

मी म्हटलं, "मग सगळे म्हणतात दोर सैल होता, त्यांना तुम्ही हे सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं? दवाखान्यात एक जण आला होता, म्हणे काय झालं. मी गुंगीत होते, म्हटलं असेन, सगळंच सुटलं. ते त्याने धरलं असेल. नंतर मी कुणापुढे तोंड उघडलं नाही. म्हटलं, उघडलं की पहिला प्रश्न हाच, तो परत का आला? कोणासाठी आला?"

म्हणजे सर, मी तिच्याकडे जायला घाबरत होते आणि ती माझ्या येण्याला.

मी तिला सांगितलं, तो परत आला नसता तर तो आमचा धाकटा नव्हता. एवढंच मला बोलता आलं. ते पुरेसं झालं असावं, कारण ती उठून चहा टाकायला गेली, कुबडी न घेता, आणि मग आठवण झाल्यावर मध्येच ओरडून भिंतीला धरलं. आम्ही दोघी हसलो.

तिथून मी तशीच आईकडे गेले. सगळं सांगितलं, सुतळी, वळ, ओंडका, विळा. आई ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मला माहीतच होतं."

मी म्हटलं, "मग तू इतके दिवस गप्प का?"

"तू तोंड पाडून बसलेलीस. मला वाटलं तुला काहीतरी वाईट कळलंय आणि माझ्यापासून लपवतेस. विचारलं असतं तर सांगितलं असतंस." मग ओरडली, "एवढी शिकलीस, रक्तात काय आहे ते सांगतेस, आईच्या पोटात काय आहे ते कळेना होय!" मग तिने मला जवळ घेतलं. मग आम्ही दोघी त्याच्यासाठी रडलो. ऑगस्टमध्ये रडलो होतो, पण ते वेगळं होतं. तेव्हा रडतानासुद्धा मनात दुसरंच काहीतरी चालू असायचं.

लॅबमध्ये नमुन्यात दुसरं काही मिसळलं तर तो फेकून द्यावा लागतो, काहीच वाचता येत नाही. माझं तसं झालं होतं. आता त्यात दुसरं काही नाही. तो गेला आहे, फक्त तेवढंच आहे. ते खूप आहे, पण ते माझं मला सोसता येईल.

शिवणवाल्या बाईंनी शिबिराच्या लोकांना स्वतः बोलावलं आहे. म्हणाल्या, "येऊ देत, माप घेते एकेकाचं."

तुमची,
ताई


४ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं. फाटकाशीच उघडून वाचलं, पोस्टमन बाजूला उभा होता, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, आता तरी सर पोरीच्या पत्राची अशी वाट बघू नका, थंडीत उभे असता.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. ती बातमी आल्यापासून मला झोप नव्हती. मी शिकवलेल्या बांधणीने मुलगा गेला की काय, हे मी स्वतःलासुद्धा मोठ्याने विचारलं नव्हतं, मग तुला काय विचारणार. रात्री जागायचो, दुपारी पडून छत बघायचो.

काल तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं, गॅसवर चहा ठेवला आणि म्हटलं, उकळेपर्यंत जरा आडवा होतो. शेजारीण धूर बघून धावत आली. दार ठोठावलं, मग खिडकीतून काठीने मला ढोसलं. मी उठेना. तिला वाटलं संपला म्हातारा. शेवटी तिने तांब्याभर पाणी टाकलं तेव्हा उठलो. भांडं तळापासून काळं झालेलं, चहाचा कोळसा.

ती म्हणाली, "अहो सर, काय झालं तुम्हाला?"

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, ताई. माझा पडला. भांडं मात्र गेलं.

सर